एल्डरसाहेबांचा काशीवास

मॉर्मन पंथाच्या तरुण मिशनऱ्याची नियमावली वाचली, की आपल्या वेदपाठशाळांतले बटू फारच मजेत आहेत असं वाटायला लागतं. वय अठरा ते पंचवीस. मुदत दोन वर्षं. खर्च स्वतःचा, नाहीतर बापाचा. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, छातीवर काळी पट्टी आणि तिच्यावर ‘एल्डर अमुकतमुक’. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा मालवायचा. चहा नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखूचा प्रश्नच नाही. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. पोहायचंसुद्धा नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एकट्याने कुठे जायचं नाही. वरून नेमून दिलेला एक जोडीदार दिवसरात्र सोबत. तो घोरत असला तरी, रडका असला तरी, आणि त्याला दर वाक्यानंतर नाक ओढायची सवय असली तरी. संसारात निदान माहेरपण असतं. इथे सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते; तीत जोडी फुटली तर सुटलात, नाहीतर ओढा आणखी सहा आठवडे.

२०१९ सालापर्यंत घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. त्या फेब्रुवारीत नियम सैल झाला आणि आता दर आठवड्याला बोलता येतं. आयांनी देवाचे आभार मानले. मुलांनी काय केलं ते कळलेलं नाही.

असे सत्तर हजारांच्या वर मिशनरी जगभर फिरत असतात. आपल्याकडे बंगळुरूला १९९३ पासून आणि दिल्लीला २००७ पासून त्यांच्या मिशनची कचेरी आहे. त्यांतला एखादा काशीत नेऊन सोडावा असं पुष्कळ दिवस माझ्या मनात आहे. अडचण कायद्याची. परदेशी माणसाला धर्मकार्यासाठी वेगळा व्हिसा लागतो, आणि उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी आणि बदलून देणाऱ्याने महिनाभर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं. लग्नाचा हॉलही हल्ली इतक्या आधी सांगावा लागत नाही. म्हणून माझा एल्डर कल्पनेतला. कल्पनेला व्हिसा लागत नाही, आणि तो कुणाचा धर्म बदलायलाही आलेला नाही. त्याने फक्त एक आठवडा काशीत काढून दाखवायचाय.

मुलगा आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला. उंच, गुलाबी, आणि नाइलाजाने हसतमुख. जोडीदार राजमहेंद्रीचा तेलुगू. त्याने मॉर्मन होताना देवासाठी काय सोडलं असेल तर फिल्टर कॉफी. त्याच्या त्यागाची थोरवी आयडाहोच्या पोराला कळणं शक्य नाही.

आठवडा सुरू होतो सोमवारी. सोमवार ‘तयारीचा दिवस’: कपडे धुणं, किराणा, केस कापणं, आईला फोन. इतर शहरांत हे चालून जातं. काशीत सोमवार हा विश्वनाथाचा वार. गोदौलियापासून रांग, बॅरिकेडं, आणि त्या गर्दीतून साबणाची वडी आणायला निघालेले टायवाले दोघे. पोलिसाने त्यांना दोनदा दर्शनाच्या रांगेत लावलं. तिसऱ्यांदा ते आपण होऊन उभे राहिले, कारण किराणा दुकानाकडे सरकणारी तेवढी एकच रांग होती. शर्ट धोब्याला दिले. ते घाटाच्या दगडावर आपटून, वाळूत वाळवून, इस्त्री होऊन संध्याकाळी परत आले तेव्हा रंग सायीचा झाला होता आणि दोन बटणं गंगार्पण. आईला व्हिडिओवर दिसल्यावर ती म्हणाली, हा नवीन शर्ट का? छान दिसतो.

मंगळवारपासून लोकांत मिसळायचं. काशीत लोकांत मिसळायचं म्हणजे चहा घ्यायचा, आणि इथे सगळं अडतं.

चहाबंदीचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १८३३ साली ओहायोमधल्या कर्टलंड गावी पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ आपल्या अनुयायांची शाळा भरवत. मंडळी पाइप ओढायची, तंबाखू चघळायची आणि जमिनीवर थुंकायची. ती जमीन पुसायची जबाबदारी स्मिथबाईंवर, म्हणजे एमावर. तिने तक्रार केली. मग स्मिथांनी देवाला विचारलं आणि देवाने तंबाखू, दारू आणि ‘गरम पेयं’ वर्ज्य केली. ही हकिगत पंथाचे पुढचे धुरीण ब्रिगहॅम यंग यांनीच सांगितलेली आहे. गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी असा अर्थ लागला आणि तो आजवर टिकला. बायकोने फरशीवरून बोलणं ऐकवावं आणि त्यातून धर्माज्ञा निघावी हे मला फार पटतं; आमच्या घरात निम्म्या आज्ञा अशाच निघाल्या आहेत. काशीच्या भिंती पाहता तिथल्या बायकांचं देवाने अजून ऐकलेलं नाही एवढं दिसतं.

तर अस्सीवरची चहाची टपरी. बाकड्यावर एक निवृत्त प्राध्यापक, एक वकील, एक कोणीच नाही असा गृहस्थ आणि दोन एल्डर. कोळशावर पातेलं, पातेल्यात दूध-आलं-साखरेचं रटरट, शेजारी कुल्हडांची उतरंड. न विचारता पाच कुल्हड पुढे आले. एल्डर म्हणाला, नको. बाकडं गप्प झालं.

“शुगर आहे?” वकिलाने विचारलं.

“नाही.”

“पोट?”

“नाही.”

“मग रुसलाय कशावर?”

जोडीदाराने धीर करून सांगितलं की आमचा नियम आहे, आम्ही जन्मभर चहा घेत नाही.

“अरे, व्रत आहे!” प्राध्यापक म्हणाले, आणि क्षणात सगळं निवळलं. व्रत म्हटलं की काशीत पुढे प्रश्न नाही. कोणत्या देवाचं, कुणी सांगितलं, कशासाठी, कुणी विचारत नाही. फक्त व्रताला काय चालतं याची चौकशी सुरू होते. लस्सी? चालते. मलइयो? चालतं. कचौडी, जिलबी, रबडी? सगळं चालतं. वकिलाने हे व्रत मनातल्या मनात तपासून पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, “म्हणजे अवघड काहीच नाही.” मग ज्याने त्याने आपापली व्रतं काढली. एकाच्या मावसोबांनी बारा वर्षं अन्नाला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या शेजारचे साधुबाबा एका पायावर उभे असत. कोणीच नाही अशा गृहस्थाने स्वतः शुक्रवारी आंबट खात नसल्याचं सांगितलं. एल्डर जन्मात चहा न पिता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आला होता आणि बाकड्यावर त्याचा नंबर शेवटून दुसरा लागला.

हीच काशीत येणाऱ्या धर्मप्रचारकाची खरी अडचण. त्याला वाटतं समोर विरोधक भेटतील. भेटतात ते सगळे याच धंद्यातले.

बाकी पान चालतं की नाही यावर दोघा जोडीदारांत रात्री साडेदहापर्यंत खल झाला. १८३३ च्या साक्षात्कारात पानाचा उल्लेख नाही. तंबाखू वगळून, चुना-कात-गुलकंद घालून, गोड पान शास्त्राला धरून आहे असा तेलुगू निकाल पडला. खरा धोका होता तो ठंडाईचा. बंदी गरम पेयांवर, ठंडाई थंड. शिवाय बदाम, बडीशेप, मिरी, सगळं पौष्टिक. एल्डरने हात पुढे केलाच होता. पण ठंडाईवाल्याने प्रामाणिकपणे विचारलं, “साधी, की बाबांची?” आणि जोडीदाराला शंका आली. आयडाहोतल्या एका शेतकरी कुटुंबावर त्या दिवशी संकट ओढवता ओढवता राहिलं.

बुधवारी गल्ल्या. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही हा नियम सॉल्ट लेक सिटीत बसून केलेला आहे, जिथले रस्ते म्हणे बैलगाडी वळवता येईल इतके रुंद आखलेले आहेत. काशीच्या गल्लीत बैलच वळू शकत नाही, गाडी तर सोडाच. दोघं शेजारी चालायला लागले की समोरून सांड येतो. मग एक जण या ओट्यावर, दुसरा त्या ओट्यावर, आणि मध्ये तो नंदीमहाराज, त्याला कसलीच घाई नाही. मागून स्कूटर, पुढून ‘राम नाम सत्य है’. सगळं निघून गेल्यावर पाहावं तर जोडीदार गायब. एल्डरच्या आयुष्यातली एकांताची पहिली सात मिनिटं त्याला कचौडी गलीत मिळाली. त्याने ती कचौडी खाण्यात घालवली, आणि मला ते योग्यच वाटतं.

गुरुवारी पाऊस. खोलीवर बसून अभ्यास. तेवढ्यात आपण जरा इतिहास उरकून घेऊ, कारण हा मुलगा या मुलखात आलेला पहिला मॉर्मन नव्हे. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत मोठी सभा भरली आणि तीत नऊ जणांना हिंदुस्थानात जायला सांगण्यात आलं. त्याच सभेत, आमच्या पंथात एका पुरुषाला अनेक बायका करण्याची मुभा आहे, हेही प्रथमच जगाला जाहीर केलं गेलं. म्हणजे विक्रेत्यांना गावोगाव रवाना करायचं आणि त्याच मुहूर्तावर मालाबद्दलची सगळ्यांत अवघड बातमी पेपरात द्यायची. नऊ जण सॅन फ्रान्सिस्कोहून ज्या जहाजाने निघाले त्याचं नाव ‘मान्सून’, आणि ते १८५३ च्या एप्रिलअखेर कलकत्त्याला लागलं. मान्सून वेळेआधी आल्याची ही बहुधा आपल्याकडची जुन्यातली जुनी नोंद.

त्यांच्याही आधी, १८५२ च्या सप्टेंबरात, ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश एल्डर मुंबईत उतरले होते आणि तिथून पुण्याला गेले. पुण्याला! वाद घालायला माणूस मिळत नाही अशी तक्रार असेल तर जावं असं ठिकाण. पण फिंडल्यांना त्रास झाला तो शहरातल्या शास्त्र्यांचा नव्हे, छावणीतल्या गोऱ्या पाद्र्यांचा आणि लष्करी अंमलदारांचा. बहुपत्नीत्व ऐकून हादरायचं ते त्यांनी. शनिवार-सदाशिवात १८५३ साली दोन बायका ऐकून कुणाची पगडी हलणार? फिंडल्यांनी पुण्यात शाखा उभी केली, सभासद एका पंगतीत बसतील इतकेच झाले. त्यांनी खास मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिकाही १८५५ साली मुंबईत छापली. त्याच वर्षी ते परत गेले, आणि १८५६ पर्यंत बाकीचेही. हिंदुस्थानने त्यांना हाकललं असं म्हणवत नाही. हिंदुस्थानने त्यांच्याकडे पाहिलं, बरं म्हटलं, आणि आपलं काम चालू ठेवलं.

शुक्रवारी दोघे सिगऱ्याला गेले. आज तिथे स्टेडियम आहे, दुकानं आहेत, गाड्या लावायला जागा नाही. दोनशे वर्षांपूर्वी ही गावाबाहेरची मोकळी जागा, आणि १८३० नंतर इथे चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्यांचं ठाणं. जर्मन ल्यूपोल्ट होते, इंग्रज विल्यम स्मिथ होते. काशीची तऱ्हा बघा: या मिशनला शाळा काढून दिली ती राजा जयनारायण घोषाल या बंगाली हिंदू जमीनदाराने, १८१८ साली. स्वतःच्या पैशाने. या पाद्र्यांचा आठवडा आपल्या एल्डरपेक्षा वेगळा नव्हता. सकाळी शाळा, संध्याकाळी बाजारात उभं राहून प्रवचन. आणि बाजारातले लोक? ते ऐकत. माना डोलवत. सच है साहेब, म्हणत. देव एकच, हो. पाप वाईट, हो. येशू मोठा पुरुष, हो तर! आणि भाजी घेऊन घरी जात. होकाराच्या या भिंतीवर भल्याभल्या पाद्र्यांची डोकी आपटली. नाही म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं. हो म्हणणाऱ्याला काय देणार?

अशात १८४४ च्या सुमारास एकोणीस-वीस वर्षांचा एक तरुण पाद्र्याला गाठून म्हणाला, तुमचं चुकतंय. स्मिथसाहेबांना गहिवरून आलं असेल. तरुणाचं नाव नीळकंठ गोरे. चित्पावन, जन्म १८२५ चा, झाशीकडचा. वाढला आणि शिकला काशीत. म्हणजे अख्ख्या काशीत ज्याने मिशनऱ्याचं म्हणणं मनावर घेतलं तो निघाला कोकणस्थ. मला यात काडीचं आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे पाहुणा म्हणाला की आज उकडतंय, तर काल जास्त होतं हे सिद्ध केल्याशिवाय त्याला पाणी देत नाहीत.

स्मिथ शांत गृहस्थ. त्यांनी वाद वाढवला नाही, वाचायला पुस्तकं दिली. त्यांतलं एक ‘मतपरीक्षा’: जॉन म्यूर या स्कॉटिश सनदी अधिकाऱ्याने १८३९ साली चक्क संस्कृतात, गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिलेलं ख्रिस्ती धर्माचं समर्थन. या पुस्तकाला तीन पंडितांनी संस्कृतात उत्तरं लिहिली. एक बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन. दुसरे ‘सोमनाथ’, म्हणजे सिहोरचे सुबाजी बापू असं अभ्यासक मानतात. त्यांची मराठी पुस्तकंही आहेत. आणि तिसरा आपला नीळकंठ. विशीत त्याने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून म्यूरसाहेबांचे मुद्दे एकेक करून खोडले. तिघांत दोघे आपलेच! सगळा देश जिथे मान डोलावत होता तिथे खंडन लिहायला मराठी माणूस टाक खोचून तयार.

पण खंडन नीट करायचं तर प्रतिपक्षाचं पुस्तक नीट वाचावं लागतं. नीळकंठाने वाचलं, फारच नीट वाचलं. प्रतिपक्षाच्या शंका सोडवता सोडवता स्वतःच्या शंका निघाल्या, त्यांच्या उत्तरांतून आणखी निघाल्या, आणि १४ मार्च १८४८ रोजी नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला. काशीत नको, म्हणून जौनपूरला. नाव नेहेमिया. बाजारात सच है म्हणून भाजी घेऊन गेलेले सगळे हिंदूच राहिले. बाटला तो जो वाद जिंकायला गेला होता.

घरच्यांवर त्या दिवशी काय बेतलं असेल तो विनोदाचा विषय नाही, तिथे मी थांबतो.

पुढचा भाग मात्र सांगायला हवा. स्वभावाला औषध नसतं. नेहेमिया गोऱ्यांनी १८६० मध्ये हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांशी वाद घातला. मध्यंतरी महाराजा दुलीपसिंगांबरोबर विलायतेला जाऊन आले. ब्राह्मोंशी वाद घातला, प्रार्थनासमाजाशी वाद घातला. हिंदूंशी घालून संपला तेव्हा चर्चच्या आतल्या पंथांकडे वळले आणि एका गटातून दुसऱ्या गटात गेले. शंकांनी त्यांना जन्मभर सोडलं नाही, आणि त्यांनीही शंकांना. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागे त्यांच्या लिखाणाचा वाटा होता; त्या बाईही पुढे चर्चशी कशा भांडल्या ते आपल्याला माहीत आहे. २९ ऑक्टोबर १८९५ ला मुंबईत फादर गोरे वारले. दोन मराठी माणसं मिळाल्यावर चर्चला आणखी धर्मांतरितांची हौस राहिली असेल का, मला शंका आहे.

हे सगळं कळल्यावर आयडाहोच्या एल्डरने विचारलं, असा माणूस आता कुठे मिळेल? जोडीदार म्हणाला, नको.

शनिवारी काशीत कुणी नवं काम काढत नाही. सोडून देऊ.

रविवार महिन्यातला पहिला, म्हणजे मॉर्मनांचा उपवास. दोन जेवणं गाळायची, पाणीही नाही. एल्डर सकाळपासून मनाशी थोडा गौरव बाळगून होता. घरमालकीणबाईंना तो कळला तेव्हा त्या म्हणाल्या, “दोनच?” त्या स्वतः लेकरांसाठी जिउतियाचा निर्जळी उपवास करतात आणि त्यात चाळीस माणसांचा स्वयंपाक ओढतात. दोघांनी खोलीतच प्रार्थनासभा उरकली. मॉर्मन प्रभुभोजनात दारूऐवजी पाणी असतं. ते बाटलीतून ओतताना पाहून बाईंना राहवलं नाही. “गंगेकाठी येऊन बाटलीतलं पाणी देवाला?” त्या तांब्याचा गडू घेऊन दारात उभ्या. गडू नाकारायला दोघांना चहा नाकारण्यापेक्षा जास्त धैर्य लागलं.

संध्याकाळी घाट. दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी वस्ती जुनी. पायऱ्यांवर एका गुरुजींची चौकी, डोक्यावर वेताची छत्री, पुढ्यात लांबट अरुंद वह्या, लाल कापडात बांधलेल्या. त्यांच्यापुढे सांगलीहून आलेलं एक जोडपं बसलं होतं. गुरुजी त्यांच्या कुळाचे परंपरागत उपाध्ये. दोरी सोडून त्यांनी वही उलगडली, बोट फिरवत नेलं आणि थांबले. “हे बघा. शके अठराशे बारा. तुमचे खापरपणजोबा आले होते, सोबत भाऊ आणि विधवा आत्या. ही त्यांची सही.” मोडीतली सही, शाई तपकिरी पडलेली. यजमानांचे डोळे भरून आले. गुरुजी म्हणाले, “आता तर्पणाला नावं सांगा. वडील?” सांगितलं. “आजोबा?” सांगितलं. “पणजोबा?” यजमानांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने, ती काय सांगणार, नदीकडे पाहिलं. मग यजमानांनी मिरजेला काकांना फोन लावला. काका म्हणाले बहुतेक गणेश, पण दत्तक गेलेले धरायचे का?

एल्डर हे सगळं जोडीदाराच्या कुजबुजत्या भाषांतरातून ऐकत होता. त्याचे डोळे विस्फारत गेले, कारण हा त्याचा प्रांत. मॉर्मन माणसाला पूर्वज जपावे लागतात. मेलेल्या पूर्वजांच्या नावाने जिवंत वंशजाने पाण्यात बुडी मारायची, म्हणजे त्यांना परलोकात बाप्तिस्म्याची संधी मिळते. त्यासाठी आधी नावं हवीत. म्हणून या पंथाने जगातला सगळ्यांत मोठा वंशावळींचा साठा केला आहे. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात १९६५ साली पुरी झालेली तिजोरी आहे, आत मायक्रोफिल्मची वीस लाखांहून जास्त रिळं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रंसुद्धा युटाच्या वंशावळ संस्थेने उतरवून नेली आहेत. तुमच्याआमच्या पंजाबी शेजाऱ्याचा खापरपणजोबा आज एका अमेरिकन डोंगराच्या पोटात सुखरूप असू शकतो.

दोघा तरुणांनी गुरुजींना नमस्कार केला आणि हे सगळं सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे तुमच्यात पाण्यात बुडी मारून पितरांना गती देतात?”

“हो. पण त्यांनी ती स्वीकारायची की नाही, ते त्यांच्यावर आहे.”

“स्वीकारली हे कळतं कसं?”

“कळत नाही.”

“कावळा नाही?”

“नाही.”

गुरुजींना त्या पंथाबद्दल प्रथमच वाईट वाटलं. इतका मोठा डोंगर पोखरला आणि कावळ्याची सोय केली नाही.

“बरं, तुमच्या पणजोबांचं नाव?” त्यांनी सवयीने विचारलं. आयडाहोच्या पोराने सांगितलं. त्यांच्या वडिलांचं सांगितलं. त्यांच्या वडिलांचं. जन्मगाव, साल, बोटीचं नाव. आईकडच्या चार पिढ्या वेगळ्या. सांगलीचे यजमान फोन कानाला लावलेले तसेच बसून राहिले. पलीकडून काका हॅलो हॅलो करत होते. गुरुजींनी लिहायला कोरं पान काढलं. त्यांच्या उभ्या हयातीत असा तयार यजमान चौकीवर आला नव्हता.

“गाव?”

“आयडाहो.”

“तालुका?”

जोडीदाराने कसंबसं निभावलं. शाई वाळेपर्यंत गुरुजींनी विचारलं, “आणि तुमच्या संस्थेचा एवढा खर्च? डोंगर, तिजोरी?”

“मिळकतीचा दहावा हिस्सा देतात.”

“कोण देतं?”

“सगळेच.”

“मागायला कोण जातं?”

“कुणी नाही. आपणहून देतात.”

गुरुजींनी चष्मा काढला. सांगलीच्या यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी घाईघाईने काकांशी बोलायला सुरुवात केली.

“बेटा,” गुरुजी म्हणाले, “तुमचं ते काही पुस्तक असतं ना? एक प्रत ठेवून जा. मराठीत नसलं तर हिंदी चालेल.”